झाडावर मचाण टांगताना चढायच्या सामानातल्या या चुका टाळा

हरणाच्या शिकारीसाठी बांधलेल्या मचाणावर होणारे अपघात बहुतेक वेळा चढताना, उतरताना किंवा शेवटच्या पायरीवरून प्लॅटफॉर्मवर पाय टाकताना होतात. खरेदीत मात्र सगळा पैसा आणि विचार मचाणावर खर्च होतो. पायऱ्या, पट्टे, दोर, हार्नेस (पडताना झेलणारे अंगावरचे पट्टे) हे उरलेल्या पैशांत, जे मिळेल ते घेतलं जातं. हे उलट व्हायला हवं. शेवटच्या पायरीवरून मचाणावर जाताना तुमचे पाय कुठे असतील, हात कशाला धरतील आणि अंगाला बांधलेला दोर कुठे अडकवलेला असेल, हे आधी ठरवायचं आणि त्यावरून सामान निवडायचं.

हा लेख अमेरिकेत राहून, राज्याचा शिकार परवाना काढून व्हाइटटेल हरणाची शिकार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे इथली माहिती तिकडे वापरायची नाही. मचाणांचे प्रकारही बरेच आहेत. शिडीचं मचाण वेगळं, खोडावर स्वतःच सरकत वर जाणारं वेगळं. इथे विषय आहे पट्ट्याने खोडाला टांगायच्या मचाणाचा आणि त्याच्यापर्यंत नेणाऱ्या क्लाइंबिंग स्टिकचा, म्हणजे खोडाला एकावर एक पट्ट्याने बांधायच्या, पायऱ्या असलेल्या सुट्या दांड्यांचा.

आधी सामान, मग झाड

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बहुतेक टांगायची मचाणं साधारण ९ ते १८ किंवा २० इंच व्यासाच्या सरळ, जिवंत खोडासाठी बनवलेली असतात. स्टिकचे पट्टे मात्र किती लांब आहेत हे कोणी बघत नाही. १८ इंच व्यासाच्या खोडाचा घेर ५७ इंच भरतो, २४ इंचाचा ७५ इंच, म्हणजे सव्वासहा फूट. पाच फुटी पट्टा पहिल्या झाडाला जेमतेम पुरेल, पण बकलमधून ओढायला टोक हातात उरणार नाही. शिंप्याकडे असतो तसा मऊ टेप खिशात ठेवा, खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजा आणि त्यात निदान दीड फूट मिळवून पट्टा घ्या.

झाडाची जातही बघा. व्हाइट ओक चांगला, साल खरखरीत आणि लाकूड भक्कम. शॅगबार्क हिकरीची साल लांब पापुद्र्यांनी सुटते. स्टिकचे दात त्या पापुद्र्यात बसतात आणि वजन पडताच पापुद्र्यासकट खाली येतात. बीचची साल गुळगुळीत, पाऊस पडला की स्टिक घसरू शकते. मेलेल्या किंवा मरत आलेल्या अॅश झाडावर तर चढूच नका. एमराल्ड अॅश बोअरर हा किडा २००२ मध्ये मिशिगनमधल्या डेट्रॉइटजवळ सापडला आणि त्यानंतर त्याने कोट्यवधी अॅश झाडं मारली. मेलेलं अॅश फार लवकर ठिसूळ होतं आणि वरच्या फांद्या काहीही इशारा न देता तुटतात. खोडावर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं किंवा सुतार पक्ष्याने सोललेली फिकट साल दिसली की ते झाड सोडून द्या. कुठलंही झाड असो, वर लटकलेली सुकी फांदी नाही ना, हे आधी मान वर करून बघायचं.

हलकी स्टिक घेतली, पण उंचीचा हिशेब केला नाही

सध्या छोट्या, वजनाला अगदी कमी अशा स्टिक लोकप्रिय आहेत. दोन मैल चालत जायचं असेल तर वजनाचं महत्त्व खरंच आहे. पण आधी हिशेब मांडा.

समजा स्टिक ३२ इंचांची आहे आणि तिच्या खालच्या व वरच्या पायरीत ३० इंचांचं अंतर आहे. पहिली पायरी जमिनीपासून १८ इंचांवर, आणि पुढे प्रत्येक दोन स्टिकमध्ये १८ इंचांची फट. म्हणजे प्रत्येक स्टिक ४८ इंच चढवते. चार स्टिकमध्ये सर्वांत वरची पायरी १६ फुटांवर येते.

आता २० इंची स्टिक घ्या, पायऱ्यांमधलं अंतर १७ इंच. प्रत्येक स्टिक ३५ इंच चढवते आणि चार स्टिकमध्ये तुम्ही पोचता ११ फूट ८ इंचांवर. पंधरा फुटांवर मचाण लावायच्या तयारीने आलेला माणूस इथे अडकतो आणि मग तो घातक मार्ग काढतो: फट वाढवतो. दोन पायऱ्यांत २४ इंचांची फट घरामागच्या झाडावर, टी-शर्ट घालून सहज जमते. नोव्हेंबरच्या थंडीत, जाड पँट आणि जाड बूट घालून, अंधारात खाली उतरताना तीच पायरी पायाला सापडत नाही. फट नेहमी उतरायच्या हिशेबाने ठरवा आणि १८ इंचांच्या पुढे जाऊ नका.

छोट्या स्टिकला खाली पट्टीची एक लोंबती पायरी लावून उंची वाढवतात, तिला एडर म्हणतात. एका स्टिकला १६ इंच मिळाले तर चारांत १७ फुटांपर्यंत जाता येतं. पण ती पायरी झुलते, आणि पाय आत ढकलला की बूट स्टिकखाली जाऊन शरीर मागे फेकलं जातं. बूट खोडाला टेकवून, वजन सरळ खाली देत चढायचं असतं. हे जमिनीपासून दोन फुटांवर, कंबरेला दोर बांधून पुष्कळदा करून बघा. ते नको असेल तर सरळ पाचवी स्टिक घ्या. आमच्या मते नव्या माणसाने पाचवी स्टिकच घ्यावी.

उंचीच्या हव्यासाबद्दलही एक सांगायला हवं. १५ ते २० फूट पुष्कळ झाले. त्याहून वर गेलं की नेम फार तिरका लागतो, बाण किंवा गोळी दोन्ही फुप्फुसांतून जाण्याची शक्यता कमी होते आणि जखमी जनावर दूर निघून जातं.

शेवटची पायरी मचाणाच्या खाली

हिशेबात इथेच सगळ्यात जास्त चूक होते. वरची पायरी आणि मचाणाचा प्लॅटफॉर्म एका पातळीत हवेत, किंवा पायरी थोडी वर हवी, म्हणजे मचाणावर पाय खाली टाकत उतरता येतं. पायरी खाली राहिली तर प्लॅटफॉर्मला धरून अंग वर ओढावं लागतं. त्या क्षणी तुमचं सगळं वजन प्लॅटफॉर्मच्या कडेवर बाहेरच्या बाजूला पडतं आणि टांगलेलं मचाण फिरतं. शेवटची स्टिक मचाणाच्या बाजूला लावा, समोर नाही, आणि तिचं वरचं टोक हाताला धरायला प्लॅटफॉर्मच्या वर राहू द्या. म्हणूनच १६ फुटांवर पोचवणाऱ्या चार स्टिक असतील तर मचाण १५ फुटांवर लावायचं, १६ वर नाही.

खिळे आणि स्क्रूच्या पायऱ्या

खोडात पिळून बसवायच्या स्क्रू-इन पायऱ्या स्वस्त असतात, म्हणून घेतल्या जातात. मिशिगनच्या सार्वजनिक जमिनीवर झाडाच्या सालीखालच्या जिवंत थराला भोक पाडणारी कुठलीही वस्तू वापरायला मनाई आहे. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट गेम लँडवर, म्हणजे शिकारीसाठी ठेवलेल्या राज्याच्या जमिनीवर, झाडाला इजा करणारं मचाण चालत नाही. इतरही अनेक राज्यांत असेच नियम आहेत, तेव्हा राज्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचा. खासगी जमिनीवरही मालकाला विचारा, कारण खोडात राहिलेलं लोखंड पुढे लाकूड कापणाऱ्या करवतीचं पातं मोडतं. आणि माणूस घसरला तर खोडातून बाहेर आलेल्या त्या पायऱ्या अंगात घुसतात.

कंबरेचा दोर म्हणजेच सुरक्षा, असं समजणं

चढताना वापरायचा लाइनमन्स बेल्ट, म्हणजे खोडाभोवती फिरवून कंबरेच्या दोन्ही बाजूंना अडकवायचा दोर, दोन्ही हात मोकळे ठेवण्यासाठी असतो. पडणाऱ्या माणसाला झेलणं हे त्याचं काम नाही. तो कंबरेच्या थोडा वर ठेवून, त्यावर रेलून उभं राहायचं. ढिला आणि खाली गेलेला दोर पाय सुटल्यावर खोडावरून तुमच्याबरोबरच घसरत येतो. १८ इंचांच्या झाडाला आठ फूट दोर पुरतो, त्याहून जाड झाडाला दहा फूट घ्या. वाटेत फांद्या असतील तर असे दोन दोर हवेत: दुसरा फांदीच्या वर अडकवायचा आणि मगच पहिला सोडायचा.

झेलण्याचं काम फुल-बॉडी हार्नेसचं. नुसता कमरपट्टा किंवा छातीचा पट्टा वापरू नका, लटकल्यावर तो श्वास कोंडतो. हार्नेस घेताना तुम्ही मोसमात घालता तेच जाड कपडे घालून मापाचा करा. मांडीच्या पट्ट्यात सपाट तळहात जाईल, मूठ जाणार नाही, इतपत घट्ट. मचाणाची मर्यादा, जी अनेक मॉडेलवर ३०० पाउंड असते, ती तुमच्या वजनाची नाही. कपडे, बूट, पाठपिशवी आणि हत्यार धरून आहे.

मचाणावर बसल्यावर हार्नेसचा टेदर, म्हणजे हार्नेसला जोडलेला आखूड दोर, डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर, खोडाभोवतीच्या दोराला अडकवा. बसलेल्या स्थितीत त्यात जवळपास ढील नको. टेदर खांद्याच्या पातळीला असेल तर पडल्यावर तुम्ही प्लॅटफॉर्मच्या खाली लटकता आणि परत वर येता येत नाही. नुसतं लटकून राहिलं तर मांडीच्या पट्ट्यांनी रक्त अडून काही मिनिटांतच धोका सुरू होतो. त्यासाठी हार्नेसला पाय टाकून उभं राहायचा पट्टा मिळतो. तो खिशाच्या बाहेर, हाताला येईल असा ठेवा.

जे मचाण मोसमभर एकाच झाडावर राहणार आहे त्याला लाइफलाइन लावाच. ३० फुटी दोर मचाणाच्या वर खोडाला बांधून बुंध्यापर्यंत सोडतात आणि त्यावर प्रुसिक गाठ असते, म्हणजे हाताने सरकणारी पण वजन पडलं की दोराला आवळून धरणारी गाठ; हार्नेस तिला अडकवतात. जमिनीवर अडकवलं की वर जाऊन परत खाली येईपर्यंत सुटायचं कारण नाही. गाठ चढताना नेहमी डोक्याच्या वर सरकवत राहा.

दोर आणि कडी यांची चुकीची जोडी

प्रुसिकचा दोर मुख्य दोरापेक्षा बारीक हवा. ११ मिमी दोरावर ८ मिमीचा फास, तीन वेढे, आणि वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसलेले. दोन्ही दोर एकाच जाडीचे असतील तर गाठ पकडत नाही. ओल्या किंवा गोठलेल्या दोरावर ती घसरायला लागली तर एक वेढा वाढवा. घट्ट आवळून बसली तर मधला आडवा भाग अंगठ्याने ढकलून सैल करा.

आजकाल स्टिकच्या पट्ट्याऐवजी अॅमस्टील नावाचा फार बारीक, फार मजबूत दोर लावतात. स्टिक बांधायला तो उत्तम. पण तो गुळगुळीत असतो, घर्षणावर चालणारी गाठ त्यावर टिकत नाही, तो ताणला जात नाही आणि घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळतो. त्याचा टेदर किंवा लाइफलाइन करायची नाही.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, लॉक होणाराच घ्या, अंगावर २२ किलोन्यूटन किंवा त्याहून जास्त आकडा कोरलेला. किल्ल्या अडकवायची रंगीत कडी दिसायला तशीच असते, पण ती वजन झेलायला बनवलेली नाही.

स्टिक किंवा मचाण हलतंय, आवाज करतंय

स्टिक बाजूला फिरत असेल तर नुसता पट्टा आवळून उपयोग नाही. पट्टा आवळा, मग स्टिक दोन्ही हातांनी खाली खेचा, म्हणजे पट्टा खोडावर तिरका होऊन घट्ट बसतो आणि दात सालीत रुततात. बकल स्टिकच्या मागे न ठेवता खोडाच्या कडेला ठेवा, ओढायला जोर मिळतो. तरीही हलत असेल तर त्या जागी खोडाला फुगवटा किंवा खाच असते. स्टिक दोन-तीन इंच फिरवून बघा.

मचाण डोलत असेल तर तेच: प्लॅटफॉर्म थोडा वर उचलून पट्टा आवळायचा, मग प्लॅटफॉर्म खाली दाबून दात बसवायचे. प्लॅटफॉर्म पुढे उतरता राहत असेल तर झाड कललेलं आहे. समतल करायची सोय असलेलं मचाण लागेल, नाहीतर झाड बदला. स्टिक एकमेकींवर आपटून खणखण वाजत असतील तर पायऱ्यांच्या कडांना हॉकी स्टिकला लावतात ती कापडी टेप गुंडाळा. सांधे करकरत असतील तर नायलॉनचे वॉशर घाला. तेल घालू नका, त्याचा वास राहतो.

हातात हत्यार घेऊन चढणं

धनुष्य किंवा बंदूक बांधून वर घ्यायचा दोर वेगळा ठेवा, आणि मचाण ओढायचा वेगळा. बंदूक रिकामी, चेंबर उघडं, नळी जमिनीकडे. दोर ट्रिगरपासून लांब बांधा. बाणांची पाती झाकलेली हवीत. मचाण वर ओढताना खाली कोणी उभं राहू नये.

पट्टे झाडावरच सोडून देणं

मोसम संपला की काढायचा आळस होतो. उन्हाने नायलॉन कमकुवत होतं, खार पट्टे कुरतडते, आणि झाड वाढून आवळलेला पट्टा आतून ताणत नेतं. पुढच्या वर्षी माणूस त्यावरच चढतो. मचाणाचे आणि स्टिकचे पट्टे दर दोन वर्षांनी बदला. हार्नेसच्या लेबलवर बनवल्याची तारीख असते, सहसा पाच वर्षांनंतर तो निवृत्त करायचा; त्याने एकदा जरी पडणाऱ्याला झेललं असेल तर लगेच. शिवणीचा एखादा धागा सुटलेला, बकलजवळ कापड चमकदार किंवा कडक झालेलं दिसलं तरी तो पट्टा टाकून द्या. नवा पट्टा लावताना त्याच्या टोकावर न पुसणाऱ्या पेनने महिना-वर्ष लिहा. डिसेंबरमध्ये सगळं उतरवून, वाळवून, उंदीर पोचणार नाहीत अशा बंद डब्यात ठेवा.