जुन्या परफॉर्मन्स गाडीच्या इंजिनात कुठलं ऑइल टाकायचं, ते कसं ठरवायचं

एका जुन्या व्ही-८ चं इंजिन खोललं होतं तेव्हा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हातात घेऊन त्याच्यावरच्या एकेका लोबच्या, म्हणजे उंचवट्याच्या, टोकावरून बोट फिरवत गेलो. पंधरा लोब व्यवस्थित उंच लागले आणि सोळावा जवळजवळ गोल, घासून गेलेला, आणि त्याच्यावर बसणारा टॅपेट, म्हणजे लोबचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारा तुकडा, उलटा करून बघितला तर मध्ये बशीसारखा खोलगट झालेला. गाडीत ऑइल वेळेवर बदललेलं होतं, चांगलं महागातलं, एकदम नवीन ग्रेडचं होतं, पण ते आजच्या इंजिनांसाठी बनवलेलं पातळ ऑइल होतं आणि या इंजिनाची गरज वेगळी होती. तेव्हापासून मला कोणी विचारलं की कुठल्या कंपनीचं ऑइल टाकू, तर मी आधी विचारतो की तुझ्या इंजिनात कॅम कशावर घासतो ते सांग.

तर पहिलं काम हेच, आपलं इंजिन नीट ओळखायचं. जुन्या इंजिनांत बहुतेक वेळा फ्लॅट टॅपेट असतात, म्हणजे कॅमचा लोब टॅपेटच्या सपाट दिसणाऱ्या तोंडावर घासत फिरतो, मध्ये रोलर वगैरे काही नाही. घासणारी जागा अगदी चिंचोळी असते आणि वर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा दाब, आणि परफॉर्मन्स इंजिनात स्प्रिंग आणखी कडक, त्यामुळे तिथे ऑइलचा नुसता थर टिकत नाही. तिथे कामाला येतं ते झेडडीडीपी, जस्त (झिंक) आणि फॉस्फरसवालं ॲडिटिव्ह, जे उष्णतेने आणि दाबाने धातूवर एक पातळ थर तयार करतं, मग झीज त्या थराची होते, लोखंडाची नाही. अमेरिकन व्ही-८ मध्ये रोलर टॅपेट आले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, फोर्डच्या मस्टँग ५.० मध्ये १९८५ ला आणि शेव्हीच्या स्मॉल ब्लॉकमध्ये १९८७ च्या सुमाराला, त्यामुळे त्याआधीचं इंजिन असेल तर फ्लॅट टॅपेट धरूनच चाला. पण आधीच्या मालकाने कॅम बदललेला असू शकतो, म्हणून जुनी बिलं सापडली तर जरूर चाळा. टोयोटाचं ४ए-जीई किंवा २जेझेड, निसानचं आरबी२६ असल्या ट्विन कॅम, म्हणजे वर दोन कॅम असलेल्या, इंजिनांत बकेट, म्हणजे वाटीसारखे टॅपेट, असतात, तिथेही घासणंच आहे पण दाब तुलनेने कमी, म्हणून त्यांना झिंकची एवढी भूक नसते. टर्बो आहे का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा डबा) आहे का, हेही आत्ताच लिहून ठेवा, पुढे लागेल.

दुसरं, मॅन्युअल काढा आणि ऑइलची जाडी, म्हणजे ते किती घट्ट हवं, ते बघा. १०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टचा, आणि नंतरचा आकडा गरम इंजिनातल्या जाडीचा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडची जाडी ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स (जाडी मोजायचं एकक), ४० ची १२.५ ते १६.३, आणि ५० ची १६.३ ते २१.९ असते. म्हणजे एकाच ग्रेडच्या दोन ऑइलमध्येही बराच फरक असू शकतो, एखादं ४० हे जवळजवळ ३० सारखं आणि दुसरं जवळजवळ ५० सारखं, म्हणून नुसत्या डब्यावरच्या आकड्यावर थांबू नका.

जुन्या इंजिनांची बेअरिंग क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंगमधली फट, सहसा आजच्यापेक्षा जास्त ठेवलेली असते, त्यामुळे मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-५० लिहिलंय आणि कोणी म्हणालं की ५डब्ल्यू-३० टाक, मायलेज वाढेल, तर ऐकू नका. एअर-कूल्ड पोर्श ९११ वाले १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० वापरतात त्याला कारण आहे, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ऑइलवर उष्णतेचा भार जास्त पडतो. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ च्या एस५४ इंजिनाला तर कंपनीनेच १०डब्ल्यू-६० सांगितलं. उलट बाजूने, जाड म्हणजे चांगलं असंही नाही हां! गरज नसताना जाड ऑइल टाकलं की सुरुवातीच्या काही सेकंदांत ते वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं, थंड असताना फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेलं ऑइल आत जातं, आणि काट्यावर प्रेशर मात्र मस्त दिसतं. प्रेशर म्हणजे फ्लो नव्हे, ही गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही पण खरी आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डब्याच्या मागची अक्षरं. एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची पेट्रोल इंजिनांची क्लासं एसएफ, एसजी, एसएच, एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी पुढे पुढे आली, आणि फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून वाटेत त्याच्यावर मर्यादा आली. एसएम पासून पुढे ५डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ६०० ते ८०० पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग) एवढाच ठेवावा लागतो. आजच्या रोलरवाल्या इंजिनाला तेवढा पुरतो, कडक स्प्रिंगच्या फ्लॅट टॅपेटला नाही पुरत. गंमत अशी की ही मर्यादा १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० अशा जाड ग्रेडला लागू होत नाही, पण त्यांच्यावर रिसोर्स कन्झर्व्हिंग असं लिहिलेलं असेल तर मात्र लागू. त्यामुळे फ्लॅट टॅपेटवाल्याने ते दोन शब्द दिसले की डबा परत फळीवर ठेवायचा.

डब्यावर सगळं छापलेलं नसतं, म्हणून कंपनीच्या साइटवरून त्या ऑइलची टेक्निकल डेटा शीट उतरवून घ्या. त्यात तीन ओळी शोधा: १०० अंशाची जाडी, एचटीएचएस, आणि फॉस्फरस-झिंक. एचटीएचएस म्हणजे १५० अंशाला आणि जोरदार घर्षणात ऑइल किती जाड राहतं तो आकडा, क्रँकच्या बेअरिंगमध्ये प्रत्यक्षात हेच चालू असतं, तो ३.५ किंवा जास्त हवा. एसीईए या युरोपियन गाडी कंपन्यांच्या संस्थेचं ए३/बी४ लिहिलेलं असेल तर हा ३.५ आपोआप आलाच, ए५/बी५ असेल तर तो कमी असतो, ते जुन्या परफॉर्मन्स इंजिनात नको. फॉस्फरस फ्लॅट टॅपेटसाठी १००० ते १२०० पीपीएमच्या आसपास मिळाला की मी समाधानी असतो, झिंक त्याच्यापेक्षा थोडं जास्त असतंच. डेटा शीटमध्ये हे आकडेच नसतील तर कंपनीला मेल करून विचारा, आणि उत्तरच आलं नाही तर दुसरं ऑइल बघा. गाडीला कन्व्हर्टर असेल आणि टॅपेट रोलर असतील तर एवढं झिंक कशाला, साधं मॅन्युअलप्रमाणे चाला.

झिंकची वेगळी बाटली मिळते ती ओतू का, हा प्रश्न नेहमी येतो. मी नाही ओतत. ऑइलमधली सगळी ॲडिटिव्ह एकमेकांशी तोलून बसवलेली असतात, आणि झेडडीडीपी फार वाढलं, २००० पीपीएमच्या वर वगैरे, तर फायदा बाजूला राहून धातूलाच त्रास होऊ शकतो. जुन्या गाड्यांसाठी म्हणून बनवलेलं ऑइल मिळत असेल तर तेच घ्या. रेसिंग ऑइलच्या नादी मात्र लागू नका, बऱ्याचशा रेसिंग ऑइलमध्ये डिटर्जंट कमी असतो कारण ते रेस झाली की बदलायचं असतं, रस्त्यावरच्या गाडीत ते महिनोन्महिने ठेवलं की आत घाण साठते.

मिनरल की सिंथेटिक, यावर लोक भांडतात पण मला हा मुद्दा त्यामानाने छोटा वाटतो. सिंथेटिकने सील गळतात ही भीती सुरुवातीच्या काळातली, आजच्या सिंथेटिकने चांगले सील बिघडत नाहीत, पण आधीच कडक झालेल्या सीलवर साचलेला काळा चिखल धुऊन निघाला की लपलेली गळती दिसायला लागते. टर्बो असेल तर सिंथेटिकच घ्या, गरम टर्बोत अडकून राहिलेलं मिनरल ऑइल जळून कोळसा होतं आणि बेअरिंगला जाणारी वाट बंद करतं. रोटरी इंजिनवाल्यांनी (पिस्टनऐवजी फिरणारा रोटर असलेलं इंजिन) मात्र आपल्या मॅन्युअलचंच ऐकावं, माझदा आरएक्स-७ मध्ये इंजिन ऑइलच थोडं थोडं चेंबरमध्ये सोडून जाळलं जातं, तिथलं गणितच वेगळं.

नवा फ्लॅट टॅपेट कॅम बसवला असेल तर ब्रेक-इन ऑइल घाला आणि इंजिन सुरू झाल्याझाल्या २००० ते २५०० आरपीएमवर साधारण २० मिनिटं चालवा, आयडलवर सोडू नका, कारण आयडलला कॅमवर ऑइलचा शिंतोडा कमी पडतो आणि कॅम मरतो तो बहुतेक याच पहिल्या २० मिनिटांत. मग ते ऑइल आणि फिल्टर दोन्ही काढून टाका.

ऑइल टाकून झालं की खरी परीक्षा. अर्धा तास चांगली गाडी चालवा, नुसता पाण्याचा काटा मध्ये आला म्हणून थांबू नका, ऑइल पाण्याच्या बरंच मागून गरम होतं. मग गरम आयडलचं आणि ३००० आरपीएमचं प्रेशर वहीत लिहा. दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना अंदाज आहे, मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा. गरम झाल्यावर आयडलला काटा फारच खाली बसत असेल तर एक ग्रेड जाड घेऊन बघा, त्यानेही फरक नाही पडला तर बेअरिंग किंवा ऑइल पंप बघायची वेळ आलीये, आणखी जाड ऑइल टाकून ते झाकू नका.

गाडी कमी फिरत असली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच, छोट्या फेऱ्यांत पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मिसळत राहते आणि किलोमीटर वाढले नाहीत म्हणून ऑइल ताजं राहत नाही. काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद पसरून उन्हात तिरका धरा आणि त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारी बारीक चमचम जास्त असेल तर ती बहुतेक कॅम-टॅपेटची, आणि न चिकटणारी करडी किंवा तांबूस असेल तर बेअरिंगची, मग पुढचं ऑइल निवडायच्या आधी व्हॉल्व्ह कव्हर उघडून लोब मोजून घ्या, आणि कॅम खाली ब्लॉकमध्ये असेल तर प्रत्येक रॉकर किती उचलला जातो ते डायल गेजने बघा.