फिल्ममधलं लोखंड की चिमट्यातलं? आयन इम्प्लांट केलेल्या पॉलिमरचं चुंबकत्व मोजताना या चुका टाळा

आयन इम्प्लांट म्हणजे विद्युतभारित अणू वेगाने मारून पदार्थात रुतवणं. पॉलिइमाइड किंवा पीईटी या प्लास्टिकच्या फिल्मवर ४० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचे लोखंडाचे आयन मारले, की ते वरच्या शंभरेक नॅनोमीटरमध्येच थांबतात. डोस, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला मारलेल्या आयनांची संख्या, चढत गेला की तिथे धातूचे नॅनोकण धरू लागतात. म्हणजे ५० मायक्रॉन जाडीच्या फिल्ममध्ये कामाचा थर जेमतेम साय धरल्याएवढा, बाकी सगळं नुसतं प्लास्टिक. हे प्रमाण डोक्यात न ठेवता सॅम्पल थेट स्क्विडमध्ये (अतिसंवेदनशील मॅग्नेटोमीटरमध्ये) सोडतात, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

मापनाआधी कागदावर कमाल मर्यादा काढा. चौरस सेंटिमीटरला १०^१७ लोहआयन, प्रत्येकी २.२ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक). ५ × ५ मिलिमीटरच्या तुकड्याला सॅच्युरेशनला, म्हणजे चुंबकत्व आणखी वाढेनासं होतं तेव्हा, फार तर ५०० मायक्रो ईएमयू (नमुन्याच्या चुंबकत्वाचं एकक) मिळतील. डोस १०^१६ असेल तर ५०. कोबाल्टला २.२ऐवजी १.७ धरा, निकेलला ०.६. प्रत्यक्षात आकडा याच्या खालीच येतो, कारण काही लोखंड ऑक्सिडाइझ होतं, काही बीमच्याच माऱ्याने उडून जातं. मर्यादेच्या वर गेलेला आकडा हा शोध नाही, घाण आहे.

याचा ठरलेला प्रसंग असा. १०^१६ डोसचं सॅम्पल, खोलीच्या तापमानाला ठसठशीत हिस्टेरेसिस लूप (फील्ड वाढवताना आणि उतरवताना वेगळ्या वाटेने जाणारा, फेरोमॅग्नेटिक म्हणजे कायम चुंबकत्वाची खूण असलेला वक्र), उंची २५० मायक्रो ईएमयू. ‘इतक्या कमी डोसलाही फेरोमॅग्नेटिक’ असं म्हणत आलेख तयार होतो, सादरही होतो. मर्यादा ५०ची आहे, हे कुणी तपासलेलं नसतं. फिल्म कापली होती स्टीलच्या ब्लेडने, आणि कडेला एक कण अडकलेला होता. ५० मायक्रॉन भुजेचा लोखंडाचा घन साधारण १ मायक्रोग्रॅम भरतो आणि एकटाच २२० मायक्रो ईएमयू देतो. अख्ख्या इम्प्लांटच्या चौपट! तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, मॅग्नेटोमीटरला मात्र दुसरं काहीच दिसू देत नाही.

परीक्षा सोपी आहे. सिरॅमिक ब्लेडने चारही कडा १-१ मिलिमीटर छाटा. ५ × ५चा तुकडा ३ × ३ होतो, तेव्हा सिग्नल ३६ टक्क्यांवर यायला हवा. एकदम कोसळला तर चुंबकत्व कडेला होतं. हललाच नाही तर घाण मधल्या भागावर किंवा सॅम्पल धरणाऱ्या स्ट्रॉमध्ये आहे. चिमटा प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा वापरा. स्टीलच्या चिमट्यावर ‘नॉन-मॅग्नेटिक’ लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. फिल्मवर मार्करने खूण तर मुळीच नको. त्याच रोलमधला कोरा तुकडा चेंबरमध्ये लावण्यापासून कापण्यापर्यंत प्रत्येक पायरीत सोबत ठेवा. हा तुकडा टाळणाऱ्यांच्या निकालावर विश्वास ठेवणं अवघड आहे.

दुसरी मोठी चूक घाईची. चौरस सेंटिमीटरला ४ मायक्रोअँपिअर करंट असेल तर १०^१७ डोसला ६७ मिनिटं लागतात. बीमटाइम (यंत्रावर मिळालेला वेळ) थोडा, म्हणून करंट ८वर नेतात. ४० केईव्हीला ती ०.३२ वॅट उष्णता झाली. फिल्म नुसती कडांना चिमटीत धरली असेल तर निर्वातात उष्णता बाहेर जायला प्रारणाशिवाय वाट नाही, आणि हिशेबाने तापमान १८० अंश सेल्सियसच्या आसपास पोचतं. पीईटी ७०-८० अंशांनाच मऊ पडायला लागतं. पॉलिइमाइड टिकतं, पण आत धातूचे अणू सरकून कण मोठे होतात. मग एकाच डोसच्या दोन सॅम्पलांचं ब्लॉकिंग तापमान (ज्याच्या खाली कणांचं चुंबकत्व एका दिशेत अडकून बसतं) वेगळं येतं आणि दोष डोसवर ढकलला जातो. फिल्मच्या जाडीतून उष्णता जायला अडचण नसते. पाठ थंड तांब्याला नीट टेकली असेल तर फरक जेमतेम एक-दीड अंशाचा पडतो. अडतं ते टेकण्यावर. म्हणून फिल्म पाणी फिरणाऱ्या तांब्याच्या होल्डरवर ताणून सपाट बसवा, वरून चौकटीने दाबा. टेकण्याची खात्री नसेल तर पीईटीला १ मायक्रोअँपिअरच्या वर जाऊ नका. साडेचार तास लागतील, लागू द्यात.

पॉलिमर डायमॅग्नेटिक असतं, म्हणजे फील्डच्या उलट दिशेने क्षीण चुंबकत्व दाखवतं. अशा तुकड्याचा बॅकग्राउंड १ टेस्लाला उणे १० मायक्रो ईएमयूच्या घरात जातो. तो वरच्या फील्डमधल्या उताराला सरळ रेघ लावून वजा करू नका. सुपरपॅरामॅग्नेटिक कण (इतके लहान, की उष्णतेने त्यांचं चुंबकत्व सतत दिशा बदलतं) तिथे अजून सॅच्युरेट झालेले नसतात आणि रेघेबरोबर तेही जातात. कोरा तुकडा मोजून वस्तुमानाच्या प्रमाणात वजा करा.

झेडएफसी वक्रात (फील्डशिवाय थंड करून, मग फील्ड लावून तापवताना मोजलेल्या वक्रात) ५० केल्विनजवळ उंचवटा दिसला तर आधी ऑक्सिजनचा संशय घ्या, ब्लॉकिंगचा नंतर. खोलीच्या तापमानाला तीनदा हीलियमने पर्ज करून (आतली हवा काढून हीलियम भरून) पुन्हा मोजा.

मोठं फील्ड लावून शून्यावर आणलेल्या सुपरकंडक्टिंग मॅग्नेटमध्ये काही ओर्स्टेड (फील्डचं एकक) उरतातच. १५ ओर्स्टेडची कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं फील्ड) छापण्याआधी, जिची स्वतःची कोअर्सिव्हिटी नसते अशा पॅलेडियमचं प्रमाण-सॅम्पल चालवून पाहा.

ईपीआरमध्ये (मायक्रोवेव्हने जोडी नसलेले इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या मापनात) जी = २.००जवळची (जी म्हणजे रेषेची जागा सांगणारा आकडा) बारीक रेषा धातूची नसते. ती बीमने कार्बन झालेल्या पॉलिमरमधल्या रॅडिकलची (बंध तुटून एकटा इलेक्ट्रॉन उरलेल्या तुकड्याची) असते. धातूची रेषा रुंद असते आणि फिल्म फिरवली की सरकते.

आणि मोसबाउअर (गॅमा किरणांनी लोखंडाची अवस्था ओळखणारं मापन) करायचं असेल तर बीम मागतानाच सांगा. इम्प्लांटरचा मास मॅग्नेट लोह-५६ निवडून देतो, मोसबाउअरला लागतं लोह-५७, जे नैसर्गिक लोखंडात जेमतेम २ टक्के असतं. इम्प्लांट झाल्यावर हे आठवलं, तर पूर्ण सॅम्पल नव्याने करावं लागतं.