पावसातली चाळ रंगवताना राखाडीला हात लावू नका

गिरगावातली आमची चाळ पहिल्यांदा आयपॅडवर काढली तेव्हा पावसाळा म्हणून आभाळ, भिंती, रस्ता सगळं राखाडी केलं. आई म्हणाली, "हे काय गं, सुतक आहे का?"

तेव्हापासून आधी गॅलरीत उभी राहून बघते. ओली भिंत राखाडी नसते. चुन्याखालचा जुना पिवळा वर येतो, पाइपाच्या कडेनं शेवाळाची रेघ उतरते, लाकडी कठडा भिजून जांभळट होतो. हे वहीत टिपा, रंग शब्दांत लिहा. फोटो खिडकीच्या गजांसाठी ठीक, रंगांसाठी नको. फोन अंधारलेलं आभाळ परस्पर उजळून टाकतो.

कॅनव्हास ए-थ्री, ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. लहान चित्र मागाहून ताणलं की फुटतं.

रंग पाचच घ्या. माझे: मळकट पिवळा, शेवाळी, विटकरी, जांभळट काळा आणि ताडपत्रीचा निळा. निळा एकाच ठिकाणी, कौलांवर. सावलीला काळा नको. वर नवा लेयर, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक थर, मोड मल्टिप्लाय (खालचा रंग न झाकता गडद करणारा), त्यात फिका जांभळा. खालचा पिवळा मरत नाही, नुसता भिजतो.

अर्ध्यात थांबून सगळ्यात वर पांढऱ्यानं भरलेला लेयर ठेवा, मोड कलर, म्हणजे फक्त रंग बदलतो, उजेड-अंधार खालचाच राहतो. चित्र कृष्णधवल दिसेल. माझी ताडपत्री आणि कौलं रंगात एकमेकांशी भांडत होती, पण इथे दोन्ही अगदी सारखी करडी! ताडपत्री थोडी उजळ केली, तेव्हा कुठे छप्पर सुटं झालं.

खाली टॅक्सी घालायचा मोह होतोच. घाला, पण चित्र आजचं असेल तर जुनी काळी-पिवळी पद्मिनी नको, ती ऑक्टोबर २०२३ मध्येच रस्त्यावरून गेली.

छापताना मात्र निळा दगा देतो. पडद्यावरचा झगझगीत आरजीबी (प्रकाशातून बनणारा) निळा सीएमवायकेच्या, म्हणजे छपाईच्या चार रंगांच्या शाईत बसत नाही. माझे पहिले पंचवीस प्रिंट धुऊन विटलेल्या गणवेशासारखे आले. छापखान्याला काय बोलणार, प्रूफ, म्हणजे आधीचा नमुना प्रिंट, मीच मागितलं नव्हतं. आता ए-फोरवर एक प्रूफ काढते आणि ट्यूबलाइटखाली न बघता दिवसा गॅलरीत धरते. निळ्याला हात लावत नाही, शेजारचा विटकरी अजून मळवते. निळा आपोआप उठतो.