पुढचा स्पॉयलर बसवायला शिकताना

आमच्या गॅरेजात नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात मी ड्रिल देत नाही. लिप, म्हणजे बंपरखाली लागणारी पुढच्या स्पॉयलरची पट्टी, हातात धरून गाडीसमोर उकिडवं बसायला लावतो आणि बंपरखालून आत बघ म्हणतो. आत सस्पेन्शनचे आर्म, सायलेन्सरचा पाइप, चाकांच्या पोकळ्या, सगळा ओबडधोबड मामला. गाडी वेगात असते तेव्हा खालून घुसलेली हवा या सगळ्यावर आपटत जाते, गाडीचा वेग खाते आणि नाक वर उचलू पाहते. ती हवा दारातच अडवून बाजूने आणि वरून पाठवायची, हे पुढच्या स्पॉयलरचं काम. खाली हवा कमी गेली की तिथला दाब उतरतो, पुढची चाकं रस्ता धरून राहतात आणि स्टिअरिंग हलकं पडत नाही. पोर्शेने 1972 च्या 911 एस मॉडेलला बंपरखाली छोटी लिप दिली ती याचसाठी.

गिऱ्हाईक सगळ्यालाच ‘लिप’ म्हणतं, पण तुम्ही फरक ओळखा. खाली उभा उतरतो तो एअर डॅम. जमिनीला समांतर पुढे आलेली सपाट पट्टी म्हणजे स्प्लिटर. तिच्यावर अडलेली हवा वरून दाबते आणि खालून हवा जोरात निघून जाते. दुसरी गोष्ट वेगाची. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. गंगापूर रोडवर 40 ने जाणाऱ्या गाडीला लिपचा उपयोग दिसण्यापुरताच. समृद्धीवर 120 ला तीच लिप नऊपट जोराने काम करते. हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. नुसत्या शोभेसाठी हवी असेल तरी हरकत नाही, पण पैसे कशाचे देतोय ते त्याला कळायला हवं.

मी सातपूरच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकची दोन वर्षं करून अंबडकडच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात लागलो. दुसऱ्याच वर्षी एका डॉक्टरांची जुनी ऑडी टीटी लिप बसवायला माझ्याकडे आली. डिसेंबर महिना, सकाळचे आठ. नाशिकची ती थंडी तुम्हाला माहीत आहे, पत्र्याला हात लावला तरी बोटं बधिर होतात. महागड्या बंपरला भोक पाडायची भीती वाटली म्हणून लिपची दोन्ही टोकं मी नुसत्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर चिकटवली आणि अकराला गाडी दिली. सिन्नरच्या पुढे डावं टोक सुटलं आणि रस्त्याला घासू लागलं. डॉक्टरांनी डिकीतल्या दोरीने बांधून गाडी परत आणली. “अरे बाळा, मला वाटलं चाकच निघालं,” एवढंच म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. लिप चाकाखाली गेली असती तर?

चूक टेपची नव्हती. या टेपला 20 ते 40 अंशांचं तापमान मानवतं. थंडीत गोंद आखडतो आणि पृष्ठभागाच्या बारीक छिद्रांत उतरतच नाही. शिवाय पूर्ण पकड यायला 72 तास लागतात. मी तीन तासही दिले नव्हते.

आता आमच्याकडे थंडीत सकाळी दहाच्या आत टेपला हात लावायचा नाही. आधी बंपर शाम्पूने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, कारण पॉलिशचा मेणचट थर डोळ्यांना दिसत नाही. बंपरचा मध्य मोजून मास्किंग टेपवर रेघ मारायची, लिपचा मध्य त्यावर धरायचा आणि अख्खी लिप मास्किंग टेपनेच तात्पुरती लावून दहा पावलं मागे जाऊन बघायचं. मग दोघं लागतात. मध्यापासून टोकांकडे जायचं, टोकाकडून कधीच नाही, नाहीतर मधे फुगा राहतो. पीयूची (पॉलियुरेथेन, रबरासारखं लवचीक प्लास्टिक) लिप वळत नसेल तर हीट गन फिरती ठेवून ऊब द्यायची. फायबरला मात्र ओढाताण चालत नाही, ते तडकतं. पीयूच्या रंगात फ्लेक्स ॲडिटिव्ह, म्हणजे रंग लवचीक ठेवणारं द्रव्य, घातलं नाही तर पहिल्याच स्पीडब्रेकरला रंगाला भेगा जातात. दोन्ही टोकांना आणि खालच्या कडेला स्टेनलेसचे स्क्रू, मागून मोठे वॉशर. ड्रिलच्या बिटला टोकापासून सहा मिलिमीटरवर टेप गुंडाळा आणि तिथेच थांबा. बंपरमागे फॉगलॅम्पची वायर असते, एसीचा कंडेन्सर असतो. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाक कुठे लागत नाही ना ते बघा. रेडिएटरची आणि ब्रेकची हवा अडत नाही ना, गाडी ओढायच्या टो हुकचं भोक उघडं आहे ना, तेही बघा.

टीटीवरून आणखी एक गोष्ट शिकलो. या गाडीचं पहिलं मॉडेल 1998 मध्ये आलं आणि जर्मनीत मोठ्या वेगात तिचे अपघात झाले. मागची बाजू हलकी पडत होती. कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला, ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) दिलं आणि सस्पेन्शन बदललं. डॉक्टरांच्या दुसऱ्या पिढीच्या गाडीत मागचा स्पॉयलर 120 ला आपोआप वर येतो. म्हणून कोणी मोठा स्प्लिटर मागितला की मी आधी मागे काय आहे ते विचारतो. पुढचं नाक दाबलं आणि मागचं तसंच ठेवलं, तर वेगात वळताना शेपूट सुटते. माझ्या मते इथल्या रस्त्यांवर छोटी पीयू लिपच बरी. घासली तरी वाकून परत जागेवर येते.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. बंपर कापायचं काम आम्ही घेत नाही. कंपनीची ॲक्सेसरी असेल तर उत्तम. बिलावर काय बसवलं ते लिहितो आणि विमा कंपनीला कळवा असं सांगतो.

डॉक्टरांची गाडी मी चार दिवस ठेवून घेतली. चौथ्या दिवशी लिफ्टवर चढवली आणि डाव्या टोकाच्या फटीत नख घालून बघितलं. नख आत गेलं नाही. मगच चावी दिली.