शागोतीचे मटण मऊ करण्यासाठी कच्ची पपई

गोव्यात परसातल्या पपईच्या झाडाची हिरवी फळे भाजीसाठी उतरवली जातात. त्यांतलाच एक तुकडा शागोतीचे, म्हणजे गोव्याच्या मसालेदार रश्शाचे, जून मटण मऊ करण्यासाठी बाजूला ठेवावा. कच्च्या पपईच्या पांढऱ्या चिकात पपेन नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते मांसातील प्रथिनांचे लांब धागे तोडते. फळ पिकत जाते तसा हा चीक कमी होत जातो, म्हणून पिकलेली पपई या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरते. चीक सालीलगत अधिक असल्याने फळ धुऊन सालीसकट वाटावे आणि किलोभर मटणाला साधारण दोन चमचे वाटण चोळून तासभर ठेवावे. पपेनचा खरा जोर सुमारे 60 ते 70 अंश सेल्सिअसला दिसतो, त्यामुळे मटण सुरुवातीला मंद आचेवर तापवणे फायद्याचे असते. उकळी टिकली की विकर निष्क्रिय होते. वाटण रात्रभर लावून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग वरचा थर पिठूळ होतो आणि आतले मांस तसेच राहते. मासळीला तर ते लावूच नये. रबराच्या चिकाची अॅलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कच्ची पपई वर्ज्य करावी.