आधी लोखंड, मग जिवाणू

बडोद्यात मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्री करून ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे टीसीई, या पाणी दूषित करणाऱ्या क्लोरीनयुक्त द्रावकाच्या सफाईच्या प्रोजेक्टवर येणाऱ्यांसाठी लिहितेय. विषय इथे परका नाही. नंदेसरीची औद्योगिक वसाहत जवळच आहे आणि 1983पासून एफ्लुएंट चॅनल कारखान्यांचं पाणी खंभातच्या आखाताकडे नेतोय.

मूळ कल्पना ठाऊक असेलच. नॅनो लोखंड, म्हणजे लोखंडाची अतिसूक्ष्म पूड, टीसीईतला क्लोरीन काढतं, पाण्यात गंजताना हायड्रोजन सोडतं आणि त्यावर टीसीईचा क्लोरीन काढणारे डीहॅलोकोकॉइड्स जिवाणू जगतात. म्हणून दोन्ही एकदमच बाटलीत घालावंसं वाटतं. माझे कितीतरी महिने यातच गेले. ताजं लोखंड पेशींना चिकटतं, त्यांच्या पडद्याला इजा करतं, पीएच चढवतं. जिवाणू मरतात. खरी फसगत त्यापुढे आहे: ते मेले तरी टीसीई कमी होतच राहतं, कारण लोखंड एकटंच राबत असतं. जीसीवरचा, म्हणजे रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवरचा, आलेख सुरेख उतरतो आणि सगळे खूश होतात.

तेव्हा टीसीई किती उरलं यापेक्षा त्याचं काय झालं ते बघा. लोखंडाच्या वाटेने मुख्यतः अॅसिटिलीन, इथिलीन, इथेन मिळतात. जिवाणूंच्या वाटेने आधी सिस-डीसीई (सिस-डायक्लोरोएथिलीन), मग व्हिनाइल क्लोराइड, शेवटी इथिलीन. व्हिनाइल क्लोराइड कॅन्सरकारक आहे. काम तिथे अडकलं तर पाणी आधीपेक्षा घातक होतं. नुसतं लोखंड, नुसते जिवाणू, लोखंडासोबत मारलेले जिवाणू आणि दोन्हींशिवायची, अशा बाटल्या लावल्याशिवाय जोडीच्या यशाबद्दल एक अक्षर लिहू नका. गाईड 'एवढ्या कंट्रोल (तुलनेच्या बाटल्या) कशाला?' म्हणाले तरी लावा. घाई करणाऱ्या गाईडपेक्षा जीसी चालवणारे भाई जास्त शिकवतात, असं माझं ठाम मत आहे.

घाबरू नका, मार्ग आहे. आधी लोखंडाला काम करू द्या, त्याचा जोर ओसरला, पीएच उतरला की जिवाणू सोडा. सीएमसीचा (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचा) लेप किंवा सल्फाइडची प्रक्रिया केली तर विषारीपणा कमी होतो. विकतच्या जुन्या पुडीवर मात्र विसंबू नका. ताजी पूड काळी कुळकुळीत असते. बाटलीच्या काठावर तांबूस कड दिसली की ती गंजायला लागली. सुकी पूड हवेत उघडू नका, पेट घेते.

डीहॅलोकोकॉइड्स फार सावकाश वाढतात, आठवडे जातात. तेवढ्यात व्हिनाइल क्लोराइडचं स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा प्रमाणित नमुना, मागवून ठेवा. ते हाताशी नसेल तर जीसीवरचं ते शिखर ओळखता येत नाही.