वाळवंट रंगवायचं असेल तर

निसर्गचित्रणाची आवड असलेल्या मुलांना थारची मोठी ओढ असते. हिवाळ्यात जैसलमेर गाठायचं, तिथल्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर मावळतीला उंटांची रांग रंगवायची आणि परतीची गाडी पकडायची, असा साधारण बेत. त्यात वाईट काही नाही, अशी चित्रं खपतातही. पण ज्याला वाळवंट हाच आपला विषय करायचाय, त्याला मी सांगतो की तिकीट काढण्याआधी जॉर्जिया ओ'कीफ या अमेरिकन चित्रकर्तीचं आयुष्य नीट बघून घे. चित्रं नंतर बघितलीस तरी चालेल.

कारण वाळवंट तिला उशिरा भेटलं. जन्म १८८७चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या शेतकरी घरातला. शिकागो आणि न्यूयॉर्कला रीतसर अकॅडमिक शिक्षण झालं, स्टिल लाइफला बक्षीसही मिळालं. आणि १९०८ मध्ये बाईंनी चित्रं काढणंच थांबवलं. शिकागोत जाहिरातींसाठी रेखाटनं करून पोट भरलं. १९१२ मध्ये आर्थर वेस्ली डाउ या कलाशिक्षकाच्या रचनाविचाराशी गाठ पडली. समोर दिसतं ते हुबेहूब उतरवण्यापेक्षा कागदावरची जागा कशी भरायची, याचा तो विचार. तिथून हात पुन्हा चालू झाला. पुढे टेक्ससमध्ये कला शिक्षिकेची नोकरी, १९१५ मध्ये नुसत्या कोळशाची रेखाटनं, १९१६ मध्ये ती रेखाटनं छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झच्या न्यूयॉर्कमधल्या गॅलरीत लागली. १९२९ च्या उन्हाळ्यात ती न्यू मेक्सिको या वाळवंटी राज्यात टाओसला मुक्कामी गेली, तेव्हा वय एक्केचाळीस, फुलांची मोठाली चित्रं गाजलेली. विषय सापडत नाही म्हणून तेविसाव्या वर्षी हवालदिल होणाऱ्यांनी हे आकडे लिहून ठेवावेत.

त्याच वर्षी तिनं फोर्ड गाडी घेतली आणि चालवायला शिकली. मला तिच्या गाडीची गोष्ट फार आवडते. पुढची सीट बोल्ट काढून उलटी फिरवायची, मागच्या सीटवर कॅनव्हास टेकवायचा आणि खिडक्यांतून बघत रंगवायचं. ऊन, वारा, वाळू, तिन्हींचा बंदोबस्त. यात रोमँटिक काही नाही. काम करता यावं म्हणून केलेली सोय आहे. आपल्याकडे फील्डवर जाताना नवीन ब्रश घेतात, पण बसायचं कुठे आणि सावली कशाची, हा विचार तिथे पोहोचल्यावर सुरू होतो.

१९३४ पासून ती न्यू मेक्सिकोतल्याच घोस्ट रँचवर जायला लागली, १९४० मध्ये तिथलं घर विकत घेतलं. समोर पेडर्नाल नावाचा सपाट माथ्याचा डोंगर. तो तिनं किती वेळा रंगवला! हा माझा खासगी डोंगर, असं ती म्हणायची. जवळच्या ॲबिक्यू गावातलं पडकं घर तिनं १९४५ मध्ये घेतलं, ते मुख्यतः अंगणातल्या एका भिंतीसाठी. त्या भिंतीत एक काळं दार होतं. पुढची कित्येक वर्षं ती दार आणि भिंत रंगवत राहिली, आणि प्रत्येक वेळी चित्रातून काहीतरी वगळत गेली. शेवटी उरतो एक चौकोन, एक पट्टा. जनावराच्या ओटीपोटाच्या हाडाच्या भोकातून दिसणारं आभाळ तिनं रंगवलं, तेही याच वाटेवरचं. वाळवंटात मुळात वस्तू कमी, म्हणून ही वगळण्याची सवय तिथे लागते. मात्र एका ठिकाणी ठाण मांडून बसलं तरच. चार दिवसांत पाच स्पॉट उरकणाऱ्याला ती लागत नाही.

एक विनंती: तिनं रंगवल्या म्हणून तुम्ही गुरांच्या कवट्या रंगवू नका. ते तिचं झालं.

आता थारबद्दल. पहिलं म्हणजे थार सगळा वाळूचा नाही. दगडगोट्यांचे माळ, खुरटी झुडपं, रुई, केर नावाचं काटेरी झुडूप हेच जास्त दिसतं, आणि खरं काम तिथे आहे. खेजडी बघा. ही आपलीच शमी. हिवाळ्यात चाऱ्यासाठी तिच्या फांद्या छाटतात, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर झाडं मुठी वळलेल्या हातांसारखी उभी दिसतात. त्या एका आकारावर आख्खी स्केचबुक भरेल.

वाळूची टेकडी काढताना आपली मुलं हमखास दोन्हीकडे सारखा उतार देतात, कारण डोळ्यांत आपल्याकडच्या टेकड्या असतात. वाळू तशी बसत नाही. वाऱ्याकडची बाजू लांबट, हलक्या चढाची. आडोशाची बाजू एकदम घसरणारी, साधारण ३२ ते ३४ अंशांची. कोरडी वाळू त्याहून उभी टिकतच नाही. दोन्ही बाजू भेटतात तिथे धार तयार होते. सकाळी तिरप्या उन्हात त्या धारेच्या एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला सावली. चित्र तिथेच सुरू होतं. त्या सावलीत काळा घालू नका. वरून आभाळाचा निळा येतो, खालून शेजारच्या वाळूचा उबदार उजेड, म्हणून ती जांभळट-तपकिरी दिसते.

सह्याद्रीत दूरचा डोंगर निळा करायचा, हे आपण एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून घोटलेलं असतं. थारमध्ये हवा कोरडी आणि धूळ पुष्कळ. क्षितिज बहुतेक वेळा निळं न होता पिवळसर पांढुरकं होतं, आभाळाचा तळही त्याच रंगाचा. सवयीनं तिथे कोबाल्ट निळा ओढलात की ते चित्र महाबळेश्वरचं होतं.

जलरंगवाल्यांचे हाल वेगळे. कोकणात पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळता वाळत नाही. इथे अर्धं आभाळ होईस्तोवर वरची कड वाळून रेघ पडते. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लॅस्टिकच्या बोर्डवर चिकटवा, ब्रश मोठा घ्या, आकार लहान ठेवा. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अल्ट्रामरीन एवढ्यावर दिवस निघतो. सॅप ग्रीन घरी ठेवा. तैलरंगवाल्यांनी टर्पेंटाइन सोबत नेऊ नये. ज्वलनशील म्हणून ते ना विमानात चालतं ना रेल्वेत. काम उगवतीनंतरचे दोन-तीन तास आणि मावळतीआधीचे तेवढेच. दुपारी सावल्या मरतात, तेव्हा झोपा किंवा जैसलमेरच्या गल्ल्यांत शिरून पिवळ्या दगडाचा टोन बघा.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. ओ'कीफ शिकवत होती, जाहिरातींची कामं करत होती. तुम्हीही एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करून शाळेत लागलात किंवा इलस्ट्रेशन करून भाडं भरलंत तर त्यात कमीपणा नाही. खासगी गॅलरी विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मे पैसे ठेवून घेते, फ्रेमिंग बहुधा आपल्या खिशातून. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षं जातात, म्हणून अर्ज लवकर टाका, पण पहिलं प्रदर्शन तिथेच व्हावं हा हट्ट नको. छोट्या हॉलमध्ये एकाच जागेची पंधरावीस लहान चित्रं एकत्र लावली तर बघणाऱ्याला तुमचा विचार कळतो, आणि लहान आकार विकायलाही सोपा.

आणि हो, जैसलमेरच्या पश्चिमेला सीमेकडच्या बऱ्याच गावांत जायला प्रशासनाची परवानगी लागते. ती आधी काढा, ओळखपत्र जवळ ठेवा. लष्कराच्या हालचाली किंवा ठाणी दिसतील अशा जागी स्केचबुक उघडू नका; चौकशी झाली तर त्या दिवसाचं सकाळचं ऊन गेलंच म्हणून समजा.